कोपनहेगनच्या पाळणाघरातली बाहेरची झोप

डेन्मार्कमध्ये तान्ह्या मुलांना भर थंडीत घराबाहेर झोपवतात, हे आता पुण्या-मुंबईकडेही बऱ्याच जणांना ठाऊक झालंय. बर्फात उभ्या केलेल्या बाबागाड्यांचे व्हिडिओ सगळीकडे फिरत असतात. गावाकडून कुणाचाही फोन आला की दुसरा नाहीतर तिसरा प्रश्न ठरलेला, "तुमच्या पोरीलाबी तसंच झोपवत्यात का?" हो, झोपवतात. ती अकरा महिन्यांची झाल्यापासून, नगरपालिकेच्या पाळणाघरात, रोज दुपारी. पण त्या व्हिडिओंमध्ये बर्फ दिसतो आणि माणसं दिसत नाहीत. आम्हाला हा सगळा प्रकार समजला तो तिथल्या माणसांमुळे. म्हणून जरा सविस्तर लिहितो. इथे नव्याने आलेल्या, मूल लहान असलेल्या मराठी आईबापांच्या मनात जी धाकधूक असते ती आमच्याही होती.

सुरुवात पाळणाघराच्या आधीच झाली होती. इथे बाळ जन्मलं की नगरपालिकेची आरोग्यसेविका घरी येते. वजन करते, दूध कसं पितंय ते बघते, आईशी निवांत बोलते. पहिल्या वर्षात ती बऱ्याचदा येऊन गेली. असंच एकदा तिने जिन्याखाली ठेवलेल्या बाबागाडीकडे बघत विचारलं, "ही खाली चौकात झोपते की नाही?" कोपनहेगनच्या जुन्या चार-पाच मजली इमारतींच्या मधोमध सामाईक चौक असतो. आमच्या चौकात दुपारी तीन-चार बाबागाड्या उभ्या असायच्या, प्रत्येकीत आवाज ऐकवणारं यंत्र ठेवलेलं. आम्ही रोज खिडकीतून बघायचो, पण आपली गाडी त्या रांगेत लावायचा धीर होत नव्हता.

आरोग्यसेविकेने आग्रह केला नाही. तिने सांगितलं ते नेमकं होतं. मूल निरोगी हवं, वजन नीट वाढत असलेलं हवं. अपुऱ्या दिवसांचं, अगदी कमी वजनाचं किंवा आजारी मूल बाहेर झोपवू नये. पारा उणे १० च्या खाली गेला तर आतच. वारा जोरात असेल, दाट धुकं असेल तरी आतच. पाठीवरच झोपवायचं. गाडीच्या टपावरून शाल किंवा दुपटं सोडायचं नाही, उन्हाळ्यात तर मुळीच नाही. आतली हवा कोंडते आणि बघता बघता तापते. आणि मग तिने एक गोष्ट करून दाखवली. माझ्या बायकोचा हात धरला, लेकीच्या मानेमागे, कपड्यांच्या आत सरकवला आणि म्हणाली, "हात गार लागले, नाक गार लागलं तर घाबरू नका. इथे बघा. इथे ऊब असली आणि घाम नसला की सगळं ठीक." लेकीची मान घामाने ओली होती. घरात हीटर चालू, आणि आम्ही तिला तीन थर घातले होते. इतक्या लहान बाळाला अति उकाडाही धोक्याचा असतो, हे त्या दिवशी डोक्यात पक्कं बसलं.

माझ्या आईला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "आरं, वारं बाधंल लेकराला." तिच्यासाठी बाळाचे हातपाय गार लागणं म्हणजे बाळ गारठलं, आणि गारठलेलं बाळ म्हणजे पुढचं सगळं. तिच्या पाठचा भाऊ लहानपणीच छातीत कफ भरून गेला. माण तालुक्यातलं गाव, दवाखाना लांब, वाहन नाही. कानटोपी, शेक, दारं-खिडक्या लावून घेतलेली खोली, या सगळ्यामागे तिची ती भीती आहे, आणि ती भीती खोटी नाही. तिला मी "आई, तुला कळत नाही" असं कधी म्हणालो नाही, म्हणणारही नाही. मला स्वतःलाही पटायला वेळ लागला.

पटावं म्हणून थोडं वाचलंही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथेही क्षयरोगाने माणसं मरत होती. गरिबांची घरं कोंदट, कोळशाच्या धुराने भरलेली. औषध नव्हतं, तेव्हा डॉक्टरांच्या हातात उजेड आणि मोकळी हवा एवढंच होतं. कोपनहेगनमध्ये नील्स फिन्सेन यांनी त्वचेच्या क्षयावर प्रकाशाचे उपचार केले, त्यासाठी त्यांना १९०३ साली नोबेल मिळालं. क्षयाच्या आरोग्यधामांतून रुग्णांना उघड्या पडवीत खाटांवर तासन् तास पडून राहायला सांगत. शेजारच्या फिनलंडमध्ये आर्वो इल्प्पो नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी तान्ह्या बाळांनाही बाहेर झोपवावं असं आयांना सांगितलं. त्या देशात बालमृत्यू कमी करण्यात त्यांचा मोठा वाटा मानतात. फिनलंडमधल्याच संशोधकांचा २००८ सालचा एक अभ्यास आहे. त्यात आईबापांनी सांगितलं की मुलं आत एक-दोन तास झोपतात, बाहेर दीड ते तीन तास, आणि उणे ५ च्या आसपासची थंडी त्यांना सगळ्यात चांगली वाटते. पण हे आईबापांचं सांगणं आहे, मोजमाप नव्हे. बाहेर झोपल्याने मूल आजारी पडत नाही असा निष्कर्ष मी त्यातून काढणार नाही, आणि कुणी तसं ठामपणे सांगितलं तर मानणारही नाही. सर्दी विषाणूंनी होते. एका खोलीत डझनभर मुलं दारं लावून झोपली तर ती एकमेकांना देतात, एवढं मात्र साधं आहे.

आता पाळणाघर. इथे २०२२ च्या ऑगस्टपासून नोकरदार आईवडिलांना बाळंतपणानंतर प्रत्येकी २४ आठवड्यांची भत्त्यासह रजा मिळते, आणि त्यातले ११ आठवडे एकमेकांना देता येत नाहीत. त्यामुळे रजेचा शेवटचा भाग माझ्या वाट्याला आला आणि लेकीला पाळणाघरात रुळवण्याचं कामही माझंच झालं. हे रुळवणं इथे फार गांभीर्याने करतात. आधी बापाबरोबर तासभर, मग बाप शेजारच्या खोलीत, मग बाप बाहेर, आणि सगळ्यात शेवटी झोप. झोप शेवटी का, असं मी विचारलं तेव्हा लेकीच्या खोलीच्या मुख्य ताई म्हणाल्या, "ज्या माणसावर भरवसा नाही त्याच्यासमोर कुणी डोळे मिटत नाही." (इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, पण आमच्या घरात त्या ताईच.) या कामासाठी साडेतीन वर्षांची पदवी आहे, ती त्यांच्याकडे आहे, आणि अनुभव त्याहून कितीतरी मोठा.

झोपायची जागा अशी. इमारतीच्या मागच्या भिंतीला लागून एक लांबलचक पडवी. वर छप्पर, तीन बाजूंना फळ्या, अंगणाकडची बाजू उघडी, तिला कमरेएवढं फाटक. आत चाकांवरचे खोल लाकडी पाळणे ओळीने लावलेले, प्रत्येकाला मेणकापडाचा टप. डॅनिशमध्ये त्यांना क्र्युबे म्हणतात. प्रत्येक पाळण्यावर त्या त्या मुलाचा फोटो. बाजूला भिंतीवर थर्मामीटर आणि एक पांढरा फळा. फळ्यावर मुलांची नावं आणि पुढे वेळा लिहिलेल्या. लेकीचं नाव त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं, स्पेलिंग बरोबर.

सामानाची यादी मिळाली. अंगालगत लोकरीचे कपडे, कारण सुती कापड घामाने ओलं झालं की अंगाला गार चिकटतं. पिसांची हलकी दुलई. पाळण्यात बांधायचा पट्टा, कारण या वयाची मुलं उठून उभी राहतात आणि बाहेर पडू शकतात. तो पट्टा नीट आवळलेला हवा. सैल राहिला तर मूल वळताना त्यात अडकू शकतं, म्हणून तो कसा लावायचा हे फक्त शिकवलेल्या माणसांनीच करायचं. आणि लोकरीची माकडटोपी. गळ्यात, मनगटात, टोपीला कुठेही दोरी, नाडी, मणी चालणार नाही, असं यादीत ठळक अक्षरात होतं.

इथे आमची अडचण झाली. लेकीच्या मनगटात काळ्या मण्यांच्या मनगट्या होत्या, आईने गावाहून पाठवलेल्या. गळ्यात काळा दोरा. आणि आईनेच विणलेलं टोपडं, हनुवटीखाली बांधायच्या लांब नाड्यांचं. ताईंनी सगळं हातात घेऊन बघितलं, कुणी विणलंय ते विचारलं, आणि मग सांगितलं, "हे घरी घाला, झोपेत नको. दोरी कशात अडकली तर मूल ओरडूही शकत नाही." मी रात्री आईला फोन केला. मला वाटलं ती दुखावेल. पण दोरी अडकण्याचा मुद्दा तिला एका वाक्यात कळला. "मग मनगट्या पाळण्याच्या खाली बांध, लेकराला नको," म्हणाली. आणि पुढच्या कुरिअरने बिननाडीची माकडटोपी आली, गळ्यापर्यंत येणारी, लाल लोकरीची.

झोपेबद्दल वेगळा फॉर्म होता. कशी झोपते, चोखणी लागते का, गाणं लागतं का, कुशीवर वळते का. आम्ही लिहिलं होतं की थोपटल्याशिवाय झोपत नाही. ताईंनी तो कागद वाचला आणि आपला उजवा हात माझ्यासमोर धरला. "दाखवा, किती जोरात." मी त्यांच्या दंडावर थोपटून दाखवलं. त्यांनी लय पकडली, मग माझ्या दंडावर थोपटून विचारलं, "असं?" जरा हळू हवं होतं. पुन्हा केलं. परक्या देशातल्या पाळणाघराच्या ओट्याशी दोन मोठी माणसं एकमेकांना थोपटतायत, आणि त्यातलं कुणीही हसत नव्हतं. तिथे माझी निम्मी भीती गेली.

पहिली झोप नोव्हेंबरातली. बाहेर चार अंश, आभाळ भरलेलं, वारा बेताचा. इथे मुलं लवकर जेवतात. अकरा वाजता राय नावाच्या धान्याचा पाव आणि गरम लापशी झाली होती. ताईंनी तिला कपडे घातले ते मी आतून बघत होतो. लोकर, वर जाड सूट, टोपी, पायात लोकरी मोजे. उचलून बाहेर नेलं, पाळण्यात ठेवलं, पट्टा लावला, पट्ट्याखाली बोटं घालून किती सैल आहे ते बघितलं, दुलई छातीपर्यंत ओढून कडा खाली दाबल्या. लेक रडली. मी दाराकडे निघालो तर दुसऱ्या ताईंनी नजरेनेच थांबवलं. ताईंनी एका हाताने पाळणा पुढेमागे सरकवत दुसऱ्या हाताने दुलईवरून थोपटायला सुरुवात केली. तीच लय. रडणं लांबलं, मग तुटक झालं, मग थांबलं.

त्यानंतर जे झालं ते मला व्हिडिओत कधी दिसलं नव्हतं. ताई लगेच आत आल्या नाहीत. वाकून तिची छाती वर-खाली होताना बघत उभ्या राहिल्या. हातमोजा काढला, आपली बोटं काखेत धरून गरम केली आणि दोन बोटं तिच्या कॉलरमधून मानेमागे सरकवली. गार बोटांनी मूल दचकतं म्हणून आधी गरम करायची, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. मग फळ्याशी जाऊन वेळ लिहिली. थोड्या वेळाने पुन्हा तेच, पुढच्या पाळण्याला तेच, सगळ्या पाळण्यांना तेच. पाऊण तासाने लेक उठली, गाल लालबुंद, मान उबदार आणि कोरडी. पुढे हळूहळू ती दोन-दोन तास झोपायला लागली. घरात एवढी सलग दुपारची झोप तिने कधी घेतली नव्हती.

ती हिवाळ्यात आजारी पडली का? पडली. पाळणाघराच्या पहिल्या वर्षात इथली सगळीच मुलं पडतात, नाक सतत वाहतं. ताप आला की मूल घरीच ठेवायचं, तो नियम आहे. कान दुखत होता तेव्हा ती बरी होऊन परत गेल्यावरही काही दिवस आत झोपली. समुद्रावरून वादळी वारा आला की सगळेच पाळणे रिकामे राहतात आणि खोलीत गाद्या अंथरतात. कोपनहेगनमध्ये पारा उणे १० पर्यंत क्वचितच उतरतो. इथे त्रास असतो तो दमट वाऱ्याचा, आणि मुलांना आत घ्यायचं की नाही हे बहुतेक वेळा त्या वाऱ्यावरच ठरतं. डिसेंबरात तर पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. आम्ही दोघं अंधारात कामाला जातो आणि अंधारात परत येतो. घरात दिवसाचा उजेड पाहिलेलं माणूस एकच, आमची लेक, आणि मला त्याचं खरोखर समाधान वाटतं.

उन्हाळ्यात आई आली. पहिल्याच दिवशी म्हणाली, मला ते दाखव. आम्ही दुपारी कुंपणाशी जाऊन उभे राहिलो. पाळण्यांवर किड्यांसाठी जाळ्या होत्या, पडवीत गार सावली. ताई एकेका पाळण्याशी वाकत होत्या. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "तुला मी बांधावरच्या बाभळीला झोळी बांधून झोपवायची. खुरपताना सारखी मान वळवून बघायची. मुकादम वरडायचा." हे मी पूर्वीही ऐकलं होतं, पण मान वळवून बघण्याबद्दल नाही.

"बघा, आपल्याकडे हे आधीपासूनच होतं" असं या गोष्टीवरून म्हणायचा मोह काहींना होतो. मला तसं म्हणवत नाही. आईला दुसरा मार्गच नव्हता. आजही ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांना नाही. फडाच्या कडेला झोळीत झोपलेल्या मुलाकडे बघायला ऊस तोडणाऱ्या आईशिवाय कुणी नसतं, आणि तिने बघितलं तर तिची मोळी कमी भरते. इथे तेच बघणं हे कुणाचंतरी पगारी काम आहे. माझ्या आईला पगार मिळायचा तो खुरपण्याचा, बघण्याचा नाही.

पुण्यातल्या एका मित्राने विचारलं, आमच्या सोसायटीतल्या पाळणाघरात असं सुरू करता येईल का? मी त्याला नाही म्हणालो. डासांमुळे डेंग्यू आहे, रस्त्याची धूळ आणि धूर आहे, मोकाट कुत्री आहेत, मे महिन्यातलं ऊन आहे. आणि जागा बदलली की लोकांची नजर बदलते, तेही धरावं लागतं. १९९७ साली एका डॅनिश आईने न्यूयॉर्कमध्ये आपल्या १४ महिन्यांच्या मुलीला रेस्टॉरंटबाहेर बाबागाडीत ठेवलं, आपल्या देशात ठेवतात तसं, आणि आत काचेपाशी बसली. पोलिसांनी तिला अटक केली आणि मुलीला काही दिवस तिच्यापासून दूर ठेवलं. पण यातली एक गोष्ट पुण्यातही नेता येईल असं मी मित्राला सांगितलं. झोपलेल्या मुलाकडे ठरावीक वेळाने जाऊन बघायचं आणि ते लिहून ठेवायचं. त्याला बाहेरची हवा लागत नाही.

आणि इथेही सगळं आलबेल आहे असं नाही. २०१९ साली डेन्मार्कभर पालक रस्त्यावर उतरले होते, "मोठं माणूस कुठे आहे?" असं विचारत, कारण पाळणाघरांत मुलं जास्त आणि माणसं कमी पडत होती. त्यानंतर कायदा झाला. २०२४ पासून या वयाच्या दर तीन मुलांमागे एक मोठं माणूस हवं. पण हा हिशोब अख्ख्या नगरपालिकेच्या सरासरीने होतो. एखाद्या मंगळवारी, दोन जण आजारी असताना, अमुक एका पडवीत कितीजण आहेत हे ती सरासरी सांगत नाही. त्यात मुलांची झोप हीच कर्मचाऱ्यांची जेवणाची वेळ. म्हणजे पाळणे भरलेले असतात तेव्हाच अंगणात माणसं सगळ्यात कमी.

म्हणून मी पालक मंडळात गेलो. पाळणाघराच्या प्रमुखांनी प्रश्न टाळला नाही. आमच्याबरोबर बसून जेवणाच्या पाळ्या लावल्या, आणि आता फळ्यावर मुलांच्या नावांच्या वर त्या तासाला अंगणात कोण आहे त्याचंही नाव लिहितात. नव्या पालकांना पहिल्या भेटीत द्यायला मंडळाने एक कागद केलाय, त्याची मराठी प्रत मी केली. बाहेर किती अंशापर्यंत झोपवता, हे त्यात सगळ्यात शेवटी आहे. आधी विचारायचं ते हे: झोपलेल्या मुलाला कोण, किती वेळाने बघतं. ते कुठे लिहितात आणि पालकांना बघता येतं का. पट्टा लावायला कुणाला शिकवलंय. बदली माणूस आलं तर त्याला कोण दाखवतं. आणि ताई जेवायला गेल्यावर पडवीत कोण थांबतं. कुणाला तो कागद हवा असेल तर मागावा.